छत रंगवताना आकृती किती मोठी घ्यावी? (समारंभ-सभागृहांतील चित्रांविषयी)

खडीचुना

नमस्कार मंडळी.

मी गेली 22 वर्षे भिंतींवरची मोठी चित्रे रंगवतो आहे. देवळांचे सभामंडप, हॉटेलांच्या भिंती, दोन-तीन जुन्या वाड्यांचे दिवाणखाने एवढा अनुभव गाठीशी असताना, नवशिक्याने करावी अशी चूक माझ्या हातून झाली आहे. ती झाकण्यापेक्षा इथे मांडून जाणकारांचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढतो आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेने पदवीदान आणि सत्कार-समारंभांसाठी नवे सभागृह बांधले आहे. आतले माप 80 फूट लांब, 40 फूट रुंद, आणि छताची उंची 30 फूट. छतावर आषाढीची वारी असावी अशी विश्वस्तांची इच्छा होती आणि कल्पना मलाही आवडली. दिवे घाटाच्या नागमोडी रस्त्याने दिंडी चढते आहे, अशी मांडणी मी केली. म्हणजे छतावर आडव्या रांगा येतात आणि व्यासपीठाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला प्रत्येक वारकरी उभा दिसतो. आम्ही चौघांनी सव्वातीन महिने परांचीवर काढून दाराकडचा अर्धा भाग पूर्ण केला. त्यात 140 वारकरी आहेत, प्रत्येक जण सुमारे दोन फूट उंचीचा, आणि एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. टाळांच्या दोऱ्या, तुळशीच्या मंजिऱ्या, एका म्हाताऱ्याच्या धोतराला असलेले ठिगळ, सगळे काढले आहे.

मागच्या आठवड्यात परांची पुढच्या भागाकडे सरकवली. मी प्रथमच शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत बसून वर पाहिले आणि पोटात गोळा आला. दिंडी दिसतच नाही. पांढऱ्या मुंग्यांची रांग दिसते, आणि मध्ये मध्ये भगवे ठिपके, ते पताकांचे. ज्या ठिगळासाठी मी अर्धा दिवस मान मोडली, ते कुठे आहे हे मला स्वतःलाही शोधावे लागले.

भिंत रंगवताना माणूस दहा पावले मागे जातो, डोळे बारीक करून पाहतो आणि पुन्हा पुढे येतो. छताखाली मागे जायला जागाच नसते. फळ्यांवर उभे राहिले की रंग नाकापासून हातभर अंतरावर असतो, आणि तीन महिने तेवढेच अंतर खरे वाटू लागते. कागदावरच्या लहान आराखड्यात सगळे ठीकच दिसत होते.

प्रश्न दोन आहेत. पुढच्या अर्ध्या भागात आकृती मोठ्या घेतल्या, तर दोन भाग विजोड दिसतील का? आणि झालेल्या भागाचे काय करावे?

ओळंबा

मी चित्रकार नव्हे, निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. पण आपल्या पहिल्या प्रश्नाचा काही भाग गणिताचा आहे, तेवढा मांडतो.

शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर धरला, तर 30 फुटांचे छत त्याच्या डोळ्याच्या वर 7.9 मीटरवर येते. त्याच्या 10 मीटर पुढे असलेली आकृती प्रत्यक्षात सुमारे 12.7 मीटर लांब असते, आणि तिरकस कोनातून दिसत असल्याने तिची उंची खऱ्याच्या जेमतेम 62 टक्के भासते. म्हणजे आपला दोन फुटांचा वारकरी सव्वा फुटाचा होऊन 12.7 मीटरवर उभा राहतो. हात लांब करून धरलेल्या कागदावर हे माप उतरवले, तर तो वारकरी सतरा-अठरा मिलिमीटर भरतो. माणसाचे डोके उंचीच्या सुमारे साडेसातव्या भागाएवढे असते. म्हणजे आपण काळजीपूर्वक वेगवेगळे काढलेले 140 चेहरे पाहणाऱ्याला मोहरीच्या दाण्याएवढे दिसत आहेत.

दुसरे असे की, निरोगी डोळ्याला दोन रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. 12.7 मीटरवर हे अंतर पावणेचार मिलिमीटर होते. त्याहून जवळ असलेल्या रेषा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसतो. टाळाच्या दोऱ्या गेल्या त्या इथे.

उलट गणित केले, तर आकृती हातभर अंतरावर तीन इंचांची दिसावी अशी अपेक्षा असल्यास ती छतावर सुमारे पावणेनऊ फुटांची काढावी लागेल.

टेम्सकाठी

धागाकर्त्यांनी स्वतःला फार बोल लावून घेऊ नये, कारण हीच ठेच मायकेलअँजेलोला लागली होती. सिस्टीन चॅपेलचे छत जमिनीपासून सुमारे 20 मीटर उंच आहे. 1508 साली काम सुरू झाले ते प्रवेशद्वाराकडच्या बाजूने, आणि तिथल्या महापुराच्या प्रसंगात माणसांची इतकी दाटी आहे की खालून पाहणाऱ्याला कोण कोण आहे हे उमगत नाही. 1511 मध्ये अर्धे छत खुले झाले. त्यानंतर रंगवलेल्या वेदीकडच्या भागात आकृती कमी झाल्या आणि खूप मोठ्या झाल्या. आज तिथे जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना मध्येच माप बदलल्याचे जाणवते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आले, असे मला वाटते. (तो पाठीवर आडवा पडून रंगवत असे, ही समजूत मात्र चुकीची आहे, तो उभ्यानेच, मान मागे टाकून रंगवत असे, आणि त्या छळावर त्याने स्वतःच एक चेष्टेचे सुनीत लिहून शेजारी आपले चित्रही काढले आहे.)

मी लंडनमध्ये राहतो आणि जेम्स थॉर्नहिल या चित्रकाराने छत आणि भिंती रंगवलेला ग्रिनिचचा पेंटेड हॉल माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे. 2016 ते 2019 या काळात त्याच्या संवर्धनाचे मोठे काम झाले. त्या वेळी लोकांना परांचीवर नेऊन छत जवळून दाखवण्याची सोय केली होती आणि मी दोनदा जाऊन आलो. जे छत मी कित्येक वर्षे खालून पाहिले होते, ते वर गेल्यावर मला ओळखू आले नाही.

खालून पाहताना मध्यभागी इंग्लंडचे राजा-राणी, तिसरा विल्यम आणि दुसरी मेरी, बसलेले दिसतात, आणि विल्यमच्या पायाखाली फ्रान्सचा चौदावा लुई दबलेला दिसतो. त्याच्या हातातली तलवार मोडकी आहे, हेही जमिनीवरून सहज कळते. वर, हातभर अंतरावर, तोच लुई म्हणजे पिवळ्या, तपकिरी आणि मळकट पांढऱ्या रंगांचे रुंद फटकारे होता. गालावरची सावली माझ्या पंजाएवढी रुंद होती आणि तिची कड कुठेही घोटून मऊ केलेली नव्हती. जेम्स थॉर्नहिलला हे फटकारे परांचीवर बसून कुरूपच दिसले असणार. त्याने त्यांना हात लावला नाही, हे मला त्या सभागृहातील सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

हे काम 1707 ते 1726 असे 19 वर्षे चालले. जागा खरे तर निवृत्त आणि अपंग खलाशांच्या भोजनगृहासाठी बांधली होती. रंगवून झाल्यावर ती जेवणासाठी फारच भपकेबाज ठरली आणि खलाशांची पंगत तळघरात गेली. वरचे दालन समारंभांचे झाले. 1806 च्या जानेवारीत नौसेनापती नेल्सनचा देह लोकांच्या दर्शनासाठी इथेच ठेवला होता. थॉर्नहिलने एका नव्वदी ओलांडलेल्या खलाशाला छतावर हिवाळ्याचे रूप देऊन बसवले आहे. खालच्या लोकांना वरच्या चित्रात आपला माणूस दिसावा, ही युक्ती धागाकर्त्यांनाही वापरता येईल.

खडीचुना

ओळंबा, मोहरीचा दाणा वाचून हसावे की रडावे कळेना. पण हिशेब मान्य आहे.

टेम्सकाठी, फटकाऱ्यांचे आपले निरीक्षण माझ्या वर्मावर बसले. माझ्या हाताखालची दोन मुले जी.डी. आर्ट झालेली आहेत, आणि कड घोटल्याशिवाय त्यांचा कुंचला उठत नाही. अर्थात ती सवय मीच लावली आहे.

एक तांत्रिक अडचणही सांगतो. भिंतीवर खाका उतरवणे सोपे असते: कागदाला सुईने भोके पाडायची, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून थोपटायची, की ठिपके उमटतात. छतावर तीच पुरचुंडी थोपटली की निम्मा कोळसा डोळ्यांत येतो. आम्ही शेवटी पोहण्याचे चष्मे आणले. रंगाचा ओघळ कुंचल्याच्या दांड्यावरून कोपरापर्यंत जाऊ नये म्हणून मनगटाला फडके गुंडाळावे लागते, आणि ते दर तासाला बदलावे लागते. या सगळ्यामुळे हात आपोआप लहान आणि सुरक्षित हालचाली करू लागतो. आकृती लहान होण्याचे ते एक कारण असावे.

बडोद्याहून

मी कलाशिक्षक आहे. धागाकर्त्यांच्या दोन्ही प्रश्नांआधी एक तिसरा प्रश्न यायला हवा होता: छतावर चढायचेच कशासाठी?

मोठी छतचित्रे जागेवरच रंगवली पाहिजेत असे नाही. ती कॅन्व्हासवर रंगवून नंतर छताला चिकटवण्याची पद्धत जुनी आणि प्रतिष्ठित आहे. तिला फ्रेंच शब्दावरून मारूफ्लाज म्हणतात. त्याहून सरळ मार्ग म्हणजे ताणलेले कॅन्व्हास छताच्या चौकटींत बसवणे. लंडनच्या बँक्वेटिंग हाउसच्या छतावरची रूबेन्स या चित्रकाराची नऊ चित्रे अँटवर्पमध्ये रंगवून गुंडाळून आणली गेली आणि 1636 मध्ये बसवली गेली. दोन देशांचा फूट सारखा नसल्याने ती चौकटींत नीट बसेनात आणि कडांना जुळवाजुळव करावी लागली, असे सांगतात. तेव्हा मापे घेताना एकच टेप वापरावा, एवढा धडा त्यातून घेता येईल. चित्रांना धूर लागू नये म्हणून त्या दालनातले मशालींच्या उजेडात होणारे नाट्यप्रयोगही पुढे बंद झाले. कॅन्व्हासचा मोठा फायदा असा की, तो कार्यशाळेच्या भिंतीला उभा करून चाळीस फूट मागे जाता येते. धागाकर्त्यांची चूक तिथे पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

आपल्याकडे या चर्चेचा धागा थेट मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत जातो. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1920 च्या सुमारास तिथे भित्तिचित्रांचा वर्ग उभा केला. 1924 च्या लंडनमधील वेम्ब्ली प्रदर्शनासाठी त्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या छतासह एक संपूर्ण ‘इंडियन रूम’ तयार केली, आणि पुढे 1928-29 मध्ये नव्या दिल्लीच्या सचिवालयातील, म्हणजे आजच्या नॉर्थ ब्लॉकमधील, एका समितीकक्षाची सजावट त्यांच्याकडे आली. त्याच इमारतीतले दुसरे घुमट रंगवले सॅम्युएल फैजी-रहमीन यांनी. हे पुण्यात, बेने इस्राएल कुटुंबात जन्मलेले, जे. जे.चेच विद्यार्थी आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आलेले. सॉलोमन आणि त्यांचे मुळीच पटत नसे. भारतीय चित्रकला म्हणजे काय, यावर दोघांची वर्तमानपत्री जुंपलेली असताना दोघांचे घुमट एकाच इमारतीत असावेत, ही गंमत मला फार आवडते. नोकरशहांच्या बैठका होत असत त्या जागी ही कामे असल्याने सामान्य माणसाला ती सहसा पाहायला मिळाली नाहीत, आणि म्हणून आपल्या चित्रकलेच्या गप्पांत त्यांचे नावही निघत नाही.

आता आमच्या गावचे. सयाजीराव गायकवाडांनी 1936 मध्ये बांधून घेतलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरची नटीर पूजा आणि महाभारतातील अभिमन्यूचा प्रसंग. 1939 ला सुरुवात झाली आणि शेवटची भिंत 1946 च्या सुमारास पूर्ण झाली. राजघराण्याच्या स्मृतिमंदिरात घराण्याच्या पराक्रमाचे एकही चित्र नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. तंत्राच्या दृष्टीने पाहावे असे, की गंगावतरणात मोठे आकार आधी बांधलेले आहेत आणि बारीक रेषा त्यांच्या पोटात आहे. लांबून आकार वाचता येतो, जवळ गेल्यास रेषा. धागाकर्त्यांनी आधी रेषा काढली आणि आकार राहून गेला, असे मला वाटते. हे कठोर वाटले तर क्षमस्व.

साधी_शंका

मला यातले काही कळत नाही, म्हणून विचारतो. आजकाल कोणतेही चित्र हव्या त्या मापात छापून मिळते. तीन महिने मान मोडून रंगवण्यापेक्षा मूळ चित्र लहान काढून त्याचे मोठे छापील कापड छताला ताणून लावले, तर खालून फरक कोणाला कळणार आहे?

बडोद्याहून

शंका रास्त आहे, पण धागाकर्त्यांची अडचण नेमकी तीच आहे. लहान चित्र मोठे करून छापले, तर त्यातले दोष मोठे होतात. दोन फुटांचा वारकरी छापूनही दोन फुटांचाच राहणार.

आणि एका जागेच्या मापाने केलेले चित्र भलत्या जागी गेले की काय होते, ते राष्ट्रपती भवनात पाहता येते. पूर्वीच्या अशोक हॉलचे, म्हणजे 2024 पासून अशोक मंडप म्हणवल्या जाणाऱ्या दालनाचे, माप सुमारे 32 मीटर बाय 20 मीटर आहे. व्हाइसरॉयच्या काळातले हे नृत्यगृह. आता परदेशी राजदूत इथे आपली अधिकारपत्रे सादर करतात. छताच्या मध्यभागी इराणचा फतह अली शाह आपल्या मुलांसह शिकार करतानाचे फारसी चित्र आहे, सुमारे 5.20 मीटर बाय 3.56 मीटर. ते या छतासाठी काढलेलेच नव्हते; लंडनहून आणून ते इथे वर लावले. एवढ्या मोठ्या छतावर ते एखाद्या पोस्टाच्या तिकिटासारखे दिसू लागले असणार, कारण पुढे लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकिर्दीत तोमासो कोलोनेल्लो या इटालियन चित्रकाराला बोलावून, 23 भारतीय चित्रकारांच्या मदतीने उरलेले सगळे छत त्याच शैलीतल्या शिकारीच्या दृश्यांनी आणि फारसी लेखांनी भरून काढण्यात आले. मी मार्गदर्शकाबरोबर ते पाहिले आहे. माझे मत असे की, छताचा एकत्रित परिणाम गालिच्यासारखा भरजरी आहे; परंतु मधले मूळ चित्र मात्र खालून वाचता येत नाही. ते समोर, डोळ्याच्या उंचीवर उभे राहून पाहण्याचे चित्र आहे.

टेम्सकाठी

म्हैसूरच्या राजवाड्यातील कल्याण मंडपाच्या भिंतींवरची दसऱ्याची मिरवणूक इथे आठवते. 1934 ते 1945 या काळात स्थानिक चित्रकारांनी काढलेल्या 26 चित्रांत हत्ती, घोडे, बँडवाले, सरदार असे शेकडो लोक आहेत, तेही प्रत्यक्ष छायाचित्रांवरून. दाटी धागाकर्त्यांच्या दिंडीपेक्षा जास्त आहे, तरी ती मिरवणूक वाचता येते, कारण ती भिंतीवर आहे आणि पाहणारा तिच्या शेजारून चालत जातो. मिरवणूक हा मुळात भिंतीचा विषय आहे, छताचा नव्हे, असे मला वाटू लागले आहे.

लेणीवाट

याच्याशी मी सहमत आहे, आणि छताचा विषय कोणता याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात जाऊन वर पहा. तिथल्या छतावर चांदवा ताणलेला आहे असा भास चित्रकारांनी निर्माण केला आहे: मध्ये एकात एक वर्तुळे, त्यांत कमळवेली आणि हंसांची रांग, कोपऱ्यांत उडणाऱ्या आकृती. आकाशात जे असायला हरकत नाही तेच वर आहे, म्हणजे फुले, पक्षी, गंधर्व. जातककथांची गर्दी भिंतींवर आहे. छत आणि भिंत यांची ही वाटणी त्या लोकांना पंधराशे वर्षांपूर्वी पक्की ठाऊक होती.

शिवाय चांदव्याला वर-खाली नसते. कुठूनही पाहिले तरी तो सुलटाच. आपल्या छतावरचे वारकरी प्रेक्षकांना उभे दिसतात हे ठीक, परंतु व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना ते सगळे उलटे टांगलेले दिसणार आहेत. सत्कार होत असताना नजर वर गेली, तर त्यांना काय वाटेल याची कल्पना करवत नाही. जर्मनीतील व्युर्त्सबुर्गच्या राजवाड्यातील जिन्यावरच्या छतात 1752-53 मध्ये त्येपोलो या इटालियन चित्रकाराने हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. चार खंडांची माणसे, हत्ती, उंट सगळे त्याने चार कडांवर, गलथ्याला (भिंत आणि छत मिळतात तिथल्या पुढे आलेल्या पट्टीला) पाय टेकून उभे केले आणि मधला भाग आकाशाला दिला. जिना चढताना माणूस वळतो तसा एकेक खंड त्याच्या समोर सुलटा येतो.

ओळंबा

चित्र कोणतेही असो, ते टिकेल का याविषयी धागाकर्त्यांनी काहीच लिहिलेले नाही. वर आरसीसी स्लॅब असेल तर चार गोष्टी विचारतो.

गिलावा किती जुना आहे? नव्या सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, आणि तो पुरता सुकून मुरण्याआधी तेलरंग लावल्यास तेलाचे साबण होऊन रंग चिकट होतो व सुटतो. गच्चीचे जलरोधन कोणी केले आहे आणि ते एका पावसाळ्यातून गेले आहे का? ओल खाली उतरताना क्षार बरोबर आणते, आणि रंगाच्या पोटात त्यांचे स्फटिक बनले की पोपडे पडतात. मग थॉर्नहिल असो की अन्य कोणी. वातानुकूलनाची हवा छताला घासून जाणार आहे का? जाणार असेल तर पाच वर्षांत झरोक्यापासून काळा पिसारा उमटेल.

आणि पंखे. इतक्या उंच छताला लांब दांड्यांचे पंखे लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दिवे पंख्यांच्या खाली आणि पंखे दिवे व छत यांच्यामध्ये, अशी रचना झाली, तर समारंभभर चित्रावरून पात्यांच्या सावल्या धावत राहतील. एका नाट्यगृहात मी हे पाहिले आहे. पहिल्या अंकातच प्रेक्षकांचे डोके दुखू लागले होते.

खडीचुना

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. सर्वांचे प्रतिसाद छापून विश्वस्तांच्या बैठकीत नेले होते.

ओळंबा, गिलावा दोन वर्षांचा आहे आणि गच्चीने दोन पावसाळे काढले आहेत. मी अ‍ॅक्रिलिक वापरतो आहे, तेलरंग नव्हे. पंख्यांचे मात्र आपण म्हणता तसेच होणार होते. छताला बारा हुक आधीच सोडलेले होते आणि मी त्यांच्याभोवती ढग रंगवून मोकळा झालो होतो. आता पंखे बाजूच्या भिंतींवर जातील आणि दिवे गलथ्यामागे लपवून छताकडे रोखले जातील.

पुढच्या भागासाठी रंगाला हात लावण्याआधी एक प्रयोग केला. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून एका वीणेकऱ्याची आकृती कापली, आधी पाच फुटांची, मग साडेसहाची, मग नऊची, आणि त्या तिन्ही कागदी आकृती दोरीने वर ओढून छताला टेकवल्या. खाली मी शेवटच्या रांगेत बसलो. पाच फुटांचा वीणेकरी शोधावा लागला. नऊ फुटांचा ठळक दिसला, पण छत त्याच्यामुळे खाली आल्यासारखे वाटले. साडेसहाच्या हातात वीणा आहे हे कळले, आणि त्याने मान कलती केली आहे हेही कळले. गणितापेक्षा दोन फूट कमी, पण डोळ्याने हाच कौल दिला. त्यावर चेहरा म्हणून आम्ही कोळशाने फक्त तीन डाग दिले होते: भुवयांखालची सावली, नाकाखालची आणि हनुवटीखालची. खालून तो गाताना दिसत होता. हाताखालच्या पोरांना मी काही समजावत बसलो नाही. दोघांना खुर्च्यांवर आणून बसवले.

तेव्हा पुढच्या भागात त्येपोलोची युक्ती घेतो आहे. साडेसहा फुटांचे 22 वारकरी, दोन्ही बाजूंच्या आणि व्यासपीठाकडच्या कडेला गलथ्यावर पाय टेकून, आणि मध्ये आषाढाचे ढग. प्रमुख पाहुण्यांना आता निदान आडवे वारकरी दिसतील, उलटे नाहीत. सभागृहाच्या बांधकामावर विटा वाहिलेल्या एका मावशींना डोक्यावर तुळस देऊन पहिल्या रांगेत उभे करतो आहे. त्यांनी होकार दिला आहे, फक्त चष्मा काढू नका म्हणाल्या.

झालेल्या भागाचे काय करावे यावर बराच खल झाला. तो खरवडून काढायला माझे मन धजत नव्हते आणि विश्वस्तांचे पैसेही. शेवटी असे ठरले की 140 वारकऱ्यांची दिंडी तशीच ठेवायची, पण तिला दूरची दिंडी करायचे. चेहऱ्यांवरून आणि ठिगळांवरून निळसर करड्या रंगाचा पातळ हात फिरवायचा, पांढऱ्या धोतरांचा एक सलग पट्टा, पताकांचा एक सलग पट्टा, आणि त्यांच्यामधून घाटाचा रस्ता. एका वळणावर करून पाहिले आहे. मुंग्या गेल्या आणि घाट चढणारी गर्दी आली. म्हाताऱ्याचे ठिगळ तेवढे मी झाकलेले नाही, ते कोणाला दिसणार नाही हे ठाऊक असूनही.

आता फक्त पैशांचे भांडण उरले आहे. माझ्या करारात भिंतीला आणि छताला चौरस फुटामागे एकच दर आहे. टेम्सकाठी, ग्रिनिचला काय दर होता याची काही नोंद आहे का?

टेम्सकाठी

आहे. थॉर्नहिलला भिंतीसाठी चौरस यार्डाला एक पौंड आणि छतासाठी तीन पौंड मिळाले. सगळे मिळून 6,685 पौंड. पश्चिमेच्या भिंतीवर, राजा पहिल्या जॉर्जच्या कुटुंबाच्या चित्रात, उजव्या कोपऱ्यात, त्याने स्वतःलाही रंगवले आहे आणि एक हात पुढे केला आहे. तो हात आणखी पैसे मागतो आहे, अशी थट्टा इथे सगळेच करतात.

खडीचुना

एकास तीन! उद्या सकाळी अकरा वाजता विश्वस्तांसमोर हाच आकडा ठेवतो.